नववा दिवस

आबांच्या गोठ्यात दाराशेजारची भिंत हीच त्यांची वही आहे. गेरूच्या खड्यानं लिहिलेल्या तारखा, एकीखाली एक. कुठली गाय कधी माजावर आली, कधी भरवली, कधी व्याली. ओलीनं काही आकडे पसरलेत, काहींवर गाईंनी अंग घासून ते पुसट केलेत, पण आबांना सगळे वाचता येतात. गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीवर एक तारीख माझ्यासमोर लिहिली गेली. त्यांच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाईच्या पोटात त्या दिवशी आम्ही गीर गाईचा सात दिवसांचा गर्भ ठेवला. गर्भ आमच्या लॅबमध्ये, काचेखाली वाढलेला. मी सहसा लॅब सोडून गोठ्यावर जात नाही, ते काम डॉक्टरांचं. त्या दिवशी गेले. गाय खोड्यात उभी होती. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, आत हात घालून चाचपलं आणि सीएल, म्हणजे गर्भ टिकवून धरणारी अंडाशयावरची गाठ, चांगला असल्याचं सांगितलं. आबांनी शेपूट बाजूला धरलं होतं. गर्भ भरलेली बारीक नळी, म्हणजे स्ट्रॉ, गनमध्ये चढवायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, जिवंत आहे ना ते?"

"हो आबा. एकदम जिवंत. एक नंबर गर्भ आहे."

चौदा दिवसांनी त्यांचा फोन आला. गाय उलटली होती, पुन्हा माजावर आली होती. सकाळपासून हंबरत होती, सोट टाकत होती, दुसऱ्या गाईंवर चढत होती. आबांच्या आवाजात तक्रार नव्हती. गाय उलटणं त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. मी नेहमीचं सांगितलं, दहातल्या निम्म्या गाई पहिल्या खेपेला राहत नाहीत, आपण पुन्हा करू. ते "बरं" म्हणाले. मग फोनवर थोडा वेळ नुसती गोठ्याची घरघर ऐकू आली, आणि त्यांनी विचारलं, "पण ताई, तुम्ही जिवंत आहे म्हणाला होता. मग ते गेलं कधी?"

एखाद्या नातलगाबद्दल विचारावं तसं विचारलं त्यांनी. गेलं कधी.

"सांगता येत नाही आबा," एवढंच मी म्हणू शकले. फोन ठेवला आणि कामाला लागले, पण तो प्रश्न मनातून गेला नाही. कारण "हो, जिवंत आहे" हे मी फार पटकन बोलले होते. काय बघून बोलले होते मी? सातव्या दिवशीचा गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो असा: मिठाच्या बारीक खड्याएवढा गोल, भोवती काचेसारखं पारदर्शक कवच, आत एका बाजूला पेशींचा दाट पुंजका आणि उरलेल्या जागेत पाण्यानं भरलेली पोकळी. पुंजक्यातून वासरू व्हायचं असतं, आणि पोकळीभोवतीच्या पातळ थरातून वार. पुंजका घट्ट, कडा स्वच्छ, पेशी सुटून इकडेतिकडे पडलेल्या नाहीत, असं दिसलं की आम्ही त्याला कोड एक देतो. मी आकार पाहिला होता. रूप पाहून मुलगी पसंत करावी तसं. आत काय चाललंय, कुठली जनुकं बोलताहेत आणि कुठली गप्प बसलीत, हे मला दिसलं नव्हतं.

मी हे काम म्हशींवर शिकले. कत्तलखान्यातून म्हशींची अंडाशयं थर्मासमध्ये, कोमट सलाईनमध्ये बुडवून यायची. थर्मास उघडला की रक्ताचा आणि मिठाचा एक ऊबदार वास यायचा, तो दिवसभर हाताला राहायचा. सुई घालून एकेक पुटिका, म्हणजे अंड्याची पाणीभरली पिशवी, ओढायची, खाली डिशमध्ये जमलेल्या द्रवात अंडी शोधायची. भोवती मधाच्या पोळ्यासारखा पेशींचा थर असेल ते अंडं घ्यायचं, उघडं पडलेलं असेल ते सोडायचं. कर्नालच्या एनडीआरआयमध्ये, म्हणजे राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत, १९९० साली प्रयोगशाळेतल्या गर्भातून 'प्रथम' हे पारडू जन्मलं, त्याची गोष्ट आम्हाला शिकवणारे सर घरातल्या मुलाची सांगावी तशी सांगायचे. आता आम्ही जिवंत गीर गाईंच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या मदतीनं अंडी काढतो, थर्मास राहिला नाही. बाकी सगळं तेच. चोवीस तास अंडं पिकवायचं, मग शुक्राणूंसोबत ठेवायचं, मग तेलाखालच्या थेंबात सात दिवस. इनक्युबेटरमध्ये ३८.५ अंश, म्हणजे गाईच्या अंगाची ऊब, माणसापेक्षा दीड अंश जास्त. हवेत ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. शंभर अंडी घेतली तर तीस-चाळीस सातव्या दिवसापर्यंत पोचतात.

उरलेली साठ-सत्तर कुठं थांबतात, हे इथं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. बरीचशी तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात. आठ पेशी, फार तर सोळा. एक दोन होतो, दोनाचे चार, चाराचे आठ, सगळं शिस्तीत, डिशमधले सगळे सारखे. आणि मग काही तिथंच उभे राहतात. कुजत नाहीत, फुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून पाहिलं तरी तेवढ्याच आठ पेशी, जरा काळवंडलेल्या. शिकत होते तेव्हा मला वाटायचं माझ्या हातून काही चुकलं, थेंब थंड झाला, तेल खराब होतं. पुढं कळलं, की तिथं एक उंबरठा आहे आणि तो प्रत्येक गर्भाला स्वतःच ओलांडावा लागतो.

तो उंबरठा मला नीट समजला तो आईच्या वारीमुळं.

आमचं गाव फलटणजवळचं. माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला यायची आणि दुसऱ्या दिवशी आई तिच्याबरोबर निघायची. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरपूर. आठ-नऊ दिवसांचा प्रश्न. मी बारा वर्षांची होते त्या साली आजी आजारी होती, त्यामुळं घरात मागं मी, धाकटा भाऊ आणि अण्णा. आई निघायच्या आदल्या रात्री चुलीपुढून उठली नाही. दुधात मळलेल्या दशम्यांची चळत, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, ठेचा, डब्यात भाजलेलं पीठ. कुठला डबा आधी उघडायचा, कुठला नंतर, हेही सांगून ठेवलेलं. पहिले तीन दिवस घर तसंच चाललं, जणू ती आतल्या खोलीत होती. वेळेवर जेवलो, डबे तिनं सांगितलेल्या क्रमानं उघडले. चौथ्या दिवशी सकाळी दशम्यांचं फडकं उघडलं तर आंबूस वास आला. आईनं त्याचंही सांगून ठेवलं होतं: उरलेलं गुरांना घाला, त्यावर जगत बसू नका, नवं करा. मी दशम्या गाईपुढं टाकल्या आणि चूल पेटवली. पावसाळी ओली लाकडं, डोळ्यांतून पाणी, तव्यावर जळलेली भाकरी, आणि पिठलं. अण्णा जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "हे काही तुझ्या आईच्या हातचं नाही." मी खाली बघितलं. ते म्हणाले, "वाढ अजून."

गाईच्या अंड्यातही असाच साठा भरून ठेवलेला असतो. अंडं पुटिकेत वाढत असतानाच आईच्या जनुकांच्या आरएनए प्रती त्यात जमा होत जातात. कुठली प्रथिनं आधी बनवायची, कुठली नंतर, याची बांधून ठेवलेली सोय. फलन झाल्यावरचे पहिले तीन दिवस गर्भ जवळजवळ सगळा त्यावरच चालतो. त्याची स्वतःची गुणसूत्रं आत असतात, पण अजून फारशी वाचली जात नाहीत. अळंबीच्या एका विषारी जातीतून एक द्रव्य मिळतं, अल्फा-अमानिटिन नावाचं. ते जनुकांचं वाचन बंद पाडतं. गाईच्या गर्भाला पहिल्या दिवसापासून ते दिलं तरी तो मरत नाही. दोनाचे चार, चाराचे आठ करत निवांत आठ-सोळा पेशींपर्यंत जातो. मग थांबतो. फडक्यातल्या दशम्या संपेपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही, की या घरात चूल पेटणार नाहीये. उंदरात हा उंबरठा दोन पेशींनाच येतो, माणसात चार ते आठला, गाईत आठ ते सोळाला. आणि तो ओलांडताना गर्भ दोन्ही कामं करतो: स्वतःचं वाचन सुरू करतो आणि आईच्या उरलेल्या प्रती मोडीत काढतो. जुनं तसंच साठून राहिलं तरी पुढं जाता येत नाही.

पण चूल नेमकी कधी पेटली, हे बाहेरून कसं कळायचं? आरएनए मिळाला तरी तो आईनं ठेवलेला की गर्भानं आत्ता लिहिलेला, हे कसं ओळखायचं? म्युनिकच्या संशोधकांनी यासाठी जे केलं ते वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते. त्यांनी अंडी घेतली जर्मन सिमेंटल गाईंची आणि वीर्य घेतलं ब्राह्मन वळूचं. ब्राह्मन म्हणजे अमेरिकेत तयार झालेली जात, पण तिचं रक्त आपल्याकडचं; गीर, कांकरेज, ओंगोल या गाईबैलांचं. युरोपातली गाय आणि आपल्या वशिंडाच्या वंशातला वळू यांच्या जनुकांत ठिकठिकाणी एखादं अक्षर वेगळं असतं. शुक्राणू गुणसूत्रं सोडली तर जवळजवळ रिकाम्या हातानं येतो, त्याच्यापाशी साठा नसतो. त्यामुळं गर्भातल्या आरएनएमध्ये बापाकडचं अक्षर दिसलं, की ते आईनं भरून ठेवलेलं असूच शकत नाही. ते गर्भानं स्वतः वाचून लिहिलेलं. एकेका टप्प्याचे गर्भ त्यांनी असे तपासले आणि २०१४ साली मांडलं, की थोडी जनुकं आधीपासून हलू लागतात, पण सगळ्यात मोठी लाट येते ती आठ पेशींना.

हे काही तुझ्या आईच्या हातचं नाही. अण्णांनी एका घासात जे ओळखलं तेच.

पण त्या ओळखण्याची किंमत मला रोज दिसते. आरएनए वाचायचा तर गर्भ फोडावा लागतो. एका लहान नळीत, द्रावणाच्या थेंबात तो विरघळतो आणि मग त्याचं सगळं बोलणं पडद्यावर ओळीनं येतं. आमच्याकडेही अभ्यासासाठी काही गर्भ त्या नळीत जातात. मला ते करताना आजही हात थोडा थांबतो. ज्याचं वाचलं तो गाईपर्यंत जात नाही, आणि जो गाईत गेला त्याचं वाचलेलं नसतं. आबांच्या गाईत गेलेला गर्भ आणि त्याच डिशमधला, तसाच दिसणारा, नळीत गेलेला गर्भ ही सख्खी भावंडं होती, पण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर कसं लावायचं?

जर्मनीतच, बॉनच्या विद्यापीठात, यातून एक वाट काढली गेली होती. सात दिवसांच्या गर्भाचा तीस ते चाळीस टक्के भाग बारीक पात्यानं कापून घेतला आणि उरलेला गर्भ पुन्हा सावरल्यावर गाईत ठेवला. कापलेला तुकडा जपून ठेवला. मग थांबले. कुठली गाय उलटली, कुठली राहिली पण गर्भ आतच जिरला, आणि कुठली वासरू देऊन मोकळी झाली, हे कळल्यावर तुकड्यांचे तीन गट करून ते वाचले. २००६ साली त्यांनी लिहिलं, की वासरू झालेल्या गर्भांत सातव्या दिवशीच वारेच्या कामाची जनुकं जास्त बोलत होती, प्लॅक-८, सीडीएक्स-२ यांसारखी. आणि जे राहिले नाहीत त्यांच्यात दाहाशी संबंधित टीएनएफचा आवाज मोठा होता. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच देखणे असताना आत काहींनी आईच्या गर्भाशयाला धरायची तयारी सुरू केली होती, तर काहींच्या आत वेगळंच काही जळत होतं. हे वाचल्यापासून मी कोड एक लिहिते तेव्हा पेन जरा हळू चालतो.

आणि यातलं किती आमच्या डिशचं देणं आहे? हा विचार मला जास्त छळतो. डब्लिनच्या लोकांनी एक सुंदर प्रयोग केला होता. गाईचे फलन झालेले गर्भ त्यांनी काही दिवस मेंढीच्या अंडवाहिनीत ठेवले आणि सातव्या दिवशी परत काढले. किती गर्भ सातव्या दिवसापर्यंत पोचणार, हे अंड्यावर अवलंबून निघालं. अंडं गाईच्या पोटात पिकलेलं असलं तर जास्त, लॅबमध्ये पिकवलेलं असलं तर कमी. पण पोचलेला गर्भ किती चिवट, गोठवून पुन्हा वितळवला तर किती तग धरणार, हे तो ज्या जागी वाढला त्या जागेवर ठरलं. तिथं मेंढी डिशपेक्षा उजवी ठरली. अंगणातल्या दुसऱ्या जनावराची परकी कूस, तरीही. तिच्या आत काहीतरी वाहतं, दर तासाला बदलतं, ऊब देतं आणि काही काढूनही नेतं. आमचा थेंब सात दिवस तसाच असतो. त्यात आम्ही साखर, क्षार, अमिनो आम्लं नेमकी मोजून घालतो, पण तो उत्तर देत नाही. गर्भानं काही मागितलं तर थेंबाला कळत नाही.

आणि जागेची सवय गर्भ पुढं घेऊन जातो. १९९० च्या दशकात जगभर लॅबमधल्या काही गर्भांतून अवाढव्य वासरं आणि कोकरं जन्मली. गाई-मेंढ्यांना ती विताना सुटेनात. तेव्हा माध्यमात, म्हणजे गर्भ वाढवायच्या द्रवात, जनावराच्या रक्तातलं सीरम सर्रास घालत. डॉली ही क्लोन मेंढी जिथं जन्मली त्या स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत २००१ साली दिसलं, की मेंढीच्या पोटातल्या अशा कोकरांत आयजीएफ-टू-आर नावाच्या, वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकावरची रासायनिक खूण पुसली गेली होती. जनुक तेच, अक्षरं तीच, पण त्याचा आवाज खाली गेलेला. पहिल्या आठवड्यात एका भांड्यात जे घडलं ते महिनोन्‌महिने लक्षात राहिलं होतं. आज आम्ही सीरम टाळतो, ऑक्सिजन कमी ठेवतो, आणि बहुतेक वासरं सुखरूप येतात. मी त्यांना चीक पिताना पाहिलंय, गुडघ्यांवर पडत, कासेला ढुश्या देत. तरी नवीन माध्यमाची बाटली उघडताना मला ती कोकरं आठवतात.

"मग ते गेलं कधी?" याचं उत्तर आबांच्या गाईच्या बाबतीत बहुधा त्या चौदा दिवसांच्या मधोमध कुठंतरी आहे. सातव्या दिवशी ठेवलेला गोल गर्भ पुढच्या आठवड्याभरात लांबायला लागतो. मिठाच्या खड्याचा दोरा होतो, सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत वीतभर लांब. आणि त्या दोऱ्याच्या पेशी एक प्रथिन ओतू लागतात, इंटरफेरॉन-टाऊ. गर्भ गाईला सांगतो, की मी इथं आहे. ते ऐकू आलं तर सीएल टिकतो आणि गाय गाभण राहते. ऐकू आलं नाही, किंवा फार हळू आलं, तर गर्भाशय ठरल्या वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सोडतं, सीएल विरतो आणि गाय पुन्हा माजावर येते. गाय दुष्ट नसते. तिला हाकच पोचत नाही. तो दिवस मोजला तर आमच्या हातून गर्भ आत गेल्यापासून साधारण नववा.

दुसऱ्या खेपेला मी गाडीत सूक्ष्मदर्शक घेऊन गेले. आबांच्या ओसरीवर, बाजेशेजारच्या स्टुलावर तो मांडला, आणि स्ट्रॉ भरायच्या आधी गरम प्लेटवरची डिश त्याखाली ठेवून त्यांना बोलावलं. टोपी मागं सारून ते वाकले. एक डोळा मिटून बराच वेळ काही दिसेना, मग श्वास रोखून स्थिर झाले. त्यांच्या मागं नातू उभा राहून माझा पदर ओढत होता, मला बघू दे म्हणून.

"मधी पाणी भरलंय," आबा म्हणाले.

"हो."

"तुम्ही भरलं?"

"नाही आबा. त्यानंच भरलं." आणि हे सांगताना मला पहिल्या वेळेसारखं घाईचं बोलावं लागलं नाही. ती पोकळी बाहेरच्या पेशींनी भरलेली असते. त्या पेशींवर पंप असतात, क्षार आत ढकलणारे. क्षारामागं पाणी जातं. ते पंप या दिवसात गर्भाच्या स्वतःच्या जनुकांवरून बनतात, आईच्या साठ्यातून नाही. चूल पेटलेली असल्याशिवाय हे पाणी भरत नाही. पुढं काय होईल ते त्या पाण्यात लिहिलेलं नाही, पण एवढं खरं, की आत कुणीतरी काम करतंय. "चार दिवसांपूर्वीपर्यंत ते आईच्या भरवशावर होतं," मी म्हणाले, "आता स्वतःचं स्वतः करतंय. अजून गाईशी बोलायचं राहिलंय."

आबांनी पुन्हा डोळा लावला. मग नातवाला कडेवर उचलून दाखवलं. डॉक्टर हातमोजा घालून थांबले होते.

गर्भ आत गेल्यावर आबांनी भिंतीवर जुन्या तारखेखाली नवी लिहिली. गेरूचा खडा हातातच होता. त्यांनी विचारलं, ते गाईशी बोलणार कुठल्या दिवशी? मी बोटांवर मोजून सांगितलं. तारखेपुढं त्यांनी नऊचा आकडा काढला आणि त्याभोवती गोल केला.

आज तो दिवस आहे. सकाळी त्यांचा फोन आला होता, गाय कडबा नीट खातेय आणि रवंथ करत बसलीय, एवढंच सांगायला.